जुनी पिस्तुलं काचेत कोंडून ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत जुन्या पिस्तुलांवर आलेला लेख वाचला. लेख बरा होता, फोटो तर झकासच, पण दोन गोष्टी अशा खटकल्या की आठवडा झाला तरी डोक्यातून जाईनात, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त काडतुसांबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका.

पहिली गोष्ट बारीक आहे. वेब्ली या ब्रिटिश हत्याराच्या फोटोखाली तुम्ही जुने पिस्तूल असं छापलंय. ते रिव्हॉल्व्हर आहे हो. काडतुसांची घरं असलेला फिरणारा सिलिंडर असला की रिव्हॉल्व्हर, मुठीत मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, खुपसायचं असलं की पिस्तूल, इतकं साधं आहे (मॅगझिन मुठीच्या बाहेर असलेलं एक पिस्तूल आहे, त्याच्याकडे पुढे येतो). बोलताना आपण सगळ्यांनाच पिस्तूल म्हणतो, मीही म्हणतो, या पत्रातसुद्धा दहादा म्हणेन, पण फोटोखाली छापताना तरी नको. तसंच ते ‘घोडा दाबला’. दाबतात तो चाप, घोडा म्हणजे मागचा हॅमर, जो जाऊन आपटतो. आता भाषेत रुळलंय त्याला काय करणार, असो.

दुसरी गोष्ट मोठी. लेखाचा एकूण सूर असा की ही हत्यारं आता कपाटातच शोभतात, आणि ती रेंजवर नेऊन चालवणारे लोक एकतर हौसेपायी ऐतिहासिक ठेव्याची वाट लावतात, नाहीतर त्यांच्या डोक्यात काहीतरी भलतंच असतं. मी त्या लोकांपैकीच एक. वीसेक वर्षं झाली, जुनी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं रेंजवर चालवतोय, रीतसर परवाने, रीतसर नोंदी, आणि कागदाच्या टार्गेटशिवाय आजवर कशावरही नेम धरलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जुनं पिस्तूल अधूनमधून चालवलंच पाहिजे, फक्त त्याच्या वयाला झेपेल असं काडतूस घालून. नुसतं काचेतून बघितलं तर त्यातलं निम्मंसुद्धा कळत नाही.

वेब्लीचंच घ्या ना. मार्क सहा, १९१५ चं मॉडेल, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना आलेलं. काचेतून काय दिसतं तर एक काळं, बोजड, जरा बेढब धूड. आता ते हातात घ्या. किलोच्या वर वजन. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली झुकते, म्हणजे अख्खं रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मोडतं, आणि त्याच झटक्यात सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराची एक चकती वर येते, सहाच्या सहा टरफलं उचलून बाहेर टाकते आणि टपकन परत आत बसते. पहिल्यांदा बघणारा माणूस हसतोच, मी कित्येकदा बघितलंय. चिखलात, गारठलेल्या बोटांनी, जीव मुठीत धरून रिकामं करता यावं हा विचार त्यामागे आहे, आणि तो वाचून नाही डोक्यात शिरत, गरम टरफलं स्वतःच्या बुटावर पडली की शिरतो.

आणि फायरिंग. तिच्या मूळ काडतुसाची, म्हणजे पॉइंट ४५५ ची, गोळी चांगली १७ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला दोनशे मीटरच्याही आत, आवाजापेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे हाताला फटका बसत नाही, कोणीतरी तळहात धरून मागे ढकलल्यासारखं वाटतं, आणि मग क्षणभराने तिकडे टार्गेटवर ठप्प. ऊन पाठीमागून पडत असेल आणि नशीब जोरावर असेल तर गोळी जाताना दिसतेसुद्धा, एक करडा ठिपका कमानीत गेल्यासारखा. मला वीस वर्षांत दोनदाच दिसली. दुसऱ्यांदा दिसली तेव्हा मी इतका खूश झालो की नेम कुठे लागला ते बघायचंच राहिलं.

आता काडतुसांचं, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो.

माझी पहिली वेब्ली मी घेतली तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. विकणारा म्हणाला हिच्यात पॉइंट ४५ एसीपी, म्हणजे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस, चालतं, कुठेही मिळतं, चंद्रकोरीसारख्या पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवून घालायचं की झालं. मला वाटलं वा, सोयच झाली. पुढे एका जाणत्या माणसाने सिलिंडरची मागची बाजू बोटाने चाचपली आणि नुसती मान हलवली. कधीकाळी कोणीतरी ती बाजू घासून पातळ केलेली होती, म्हणजे ४५ एसीपीचं काडतूस त्यात बसावं म्हणून. बसतं, उडतंही, पण ४५ एसीपीचा दाब हा ४५५ च्या मूळ काडतुसापेक्षा खूप जास्त, म्हणजे कारखान्यात हे रिव्हॉल्व्हर पारखताना मुद्दाम जास्त भरलेलं काडतूस उडवून बघतात ना, त्याच्याही वर. प्रत्येक गोळीला आपण त्या म्हाताऱ्या पोलादाची पुन्हा परीक्षा घेतोय, आणि तीही मूळ परीक्षेपेक्षा कडक. काहींचं वर्षानुवर्षं काही होत नाही, काहींचा सिलिंडर फुटतो, आणि तो फुटायच्या आधी निरोप पाठवत नाही. मी तोवर त्यातून दीडेकशे गोळ्या झाडल्या होत्या. त्या रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय की नळीवर काय कोरलंय त्यावर भरवसा नाही, विकणाऱ्यावर तर नाहीच नाही, आधी जाणकाराकडून तपासून घ्यायचं, सिलिंडरची घरं मोजायची, घोडा पूर्ण ओढून सिलिंडर किती डुगडुगतो ते बघायचं, नळीत उजेड टाकून बघायचं, आणि मगच काडतूस. एवढं करूनही शंका राहिली तर मग ते कपाटात, तिथे तुमच्या लेखकाचं बरोबर आहे.

मग काय, ४५५ ची काडतुसं सहजी मिळत नाहीत म्हणून मी स्वतः भरायला शिकलो, आणि त्यातही माती खाल्ली, ती पण सांगतो. एकदा फोनवर बोलत बोलत काडतुसं भरली आणि एकात दारूच घालायची राहिली. रेंजवर चाप ओढला तर धडाम ऐवजी नुसतं फट्ट, कोणी बाटलीचं बूच काढावं तसं. नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, जोरावर गोळी नळीत शिरली आणि मधेच अडकून बसली. माझं बोट सवयीने पुढच्या गोळीला निघालंच होतं, शेजारच्या लेनमधला माणूस ओरडला थांब, म्हणून थांबलो. ती पुढची गोळी उडाली असती तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि नळीच्या मागे मी होतो. पितळी गज घालून अडकलेली गोळी ठोकून काढली तेव्हा हात थरथरत होते. आता काडतुसं भरताना फोन दुसऱ्या खोलीत असतो, आणि गोळी बसवायच्या आधी सगळी टरफलं एका ओळीत उभी करून टॉर्चने प्रत्येकात डोकावतो. आवाज वेगळा आला की हात थांबलाच पाहिजे, आणि चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान तीस सेकंद गप्प उभं राहायचं, कारण जुनं प्रायमर कधी कधी उशिरा पेटतं.

दुसरा असाच फसवा प्रकार म्हणजे माउझर सी ९६. हे ते मुठीबाहेर मॅगझिनवालं पिस्तूल, १८९६ चं, मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल म्हणून इंग्रजीत त्याला ब्रूमहँडल म्हणतात. चर्चिलने १८९८ साली सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत हेच वापरलं होतं, खांदा आधीच निखळलेला असल्यामुळे तलवार चालवता येत नव्हती म्हणून. वरून दहा काडतुसांची क्लिप लावायची, अंगठ्याने सगळी खाली दाबायची, क्लिप उपटली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, खाडकन पुढे. याचं काडतूस ७.६३ माउझर, आणि रशियन टोकारेवचं ७.६२, मापाने दोन्ही जवळजवळ जुळी भावंडं, एकाच्या जागी दुसरं आरामात बसतं. पण टोकारेवचा लष्करी माल बहुतेकदा जास्त तगडा भरलेला असतो आणि सी ९६ मध्ये बोल्टला मागे थोपवणारा तुकडा असतो एवढासा, आणि त्याच्या बरोब्बर मागे असतो तुमचा चेहरा. बसतंय म्हणजे चालतंय असं नसतं, बस्स.

काडतुसांची अजून एक भानगड आहे ती म्हणजे जुन्या लष्करी प्रायमरची. त्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते पेटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे आपल्या मिठाचा चुलतभाऊच, तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि नळीला गंज चढतो. लोक काय करतात की घरी आल्यावर छान तेल लावतात आणि निवांत झोपतात. पण मीठ तेलात कुठे विरघळतंय, ते पाण्यात विरघळतं. म्हणून आधी कडकडीत गरम पाणी, मग खडखडीत कोरडं करणं, मग तेल, आणि हे त्याच दिवशी, उद्या नाही. मी एकदा उद्यावर टाकलं होतं, सकाळी नळीत बघितलं तर हळदीसारखा थर. तो निघाला, पण खाली पडलेले बारीक खड्डे तसेच राहिले, ते आता माझ्याबरोबरच जाणार.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल की एवढ्या कटकटी आहेत तर कशाला करता. करतो कारण मजा येते, खरं उत्तर तेवढंच. पण मजा कशात ते सांगायचा प्रयत्न करतो.

आमच्या रेंजवर बहुतेक लोक नवीन पिस्तुलं आणतात, प्लास्टिकची फ्रेम, सतरा गोळ्यांचं मॅगझिन, उत्तम असतात, माझं काही म्हणणं नाही, मी पण चालवतो कधीमधी. पण सतरा गोळ्या दहा सेकंदात संपतात आणि त्यातल्या कुठल्या गोळीला आपण काय चूक केली ते कोणालाच आठवत नाही. त्याच वेळात मी कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे १८७३ च्या त्या सिनेमातल्या काउबॉयवाल्या रिव्हॉल्व्हरमध्ये, काडतुसं भरत असतो. घोडा अर्धा ओढायचा, उजवीकडचं छोटं दार उघडायचं, एक काडतूस घालायचं, एक घर रिकामं सोडायचं, मग सलग चार, मग घोडा पूर्ण ओढून जपून खाली सोडायचा, तो बरोब्बर रिकाम्या घरावर येतो. सहा घरांचं रिव्हॉल्व्हर आणि त्यात गोळ्या पाचच. कारण घोड्याची टोकदार चोच थेट काडतुसाच्या बुडावर टेकून राहते, रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर उडालंच समजा. घोडा ओढताना चार वेगवेगळे टिक ऐकू येतात, चांगल्या अवस्थेतल्या कोल्टला चारही हवेत, डोळे मिटून नुसत्या आवाजावरून तब्येत सांगणारे लोक मी बघितलेत. आणि पाच गोळ्या झाल्या की दांडीने एकेक टरफल ढकलून काढायचं, परत पहिल्यापासून. एवढ्या उस्तवारीनंतर मिळालेली गोळी माणूस उधळत नाही, श्वास धरतो, चाप सावकाश ओढतो, आणि चुकली तर का चुकली ते त्याला लगेच कळतं. माझी नेमबाजी सुधारली ती या रिव्हॉल्व्हरमुळे, नव्या पिस्तुलामुळे नाही. त्याला साइट म्हणून काय तर वरच्या पट्टीत एक चर आणि पुढे एक पातं, स्क्रू फिरवून इकडेतिकडे करायची सोय नाही. माझं २५ मीटरवर चार बोटं डावीकडे मारतं. कानस लावून पातं सरळ करता येईल पण मी नाही करणार, मीच चार बोटं उजवीकडे नेम धरतो, आमचं तसं ठरलंय.

मात्र १९०० च्या आधीचं कोल्ट असेल तर त्यात आजचं काडतूस नको. धूर न करणारी दारू पॉल व्हिएय या फ्रेंच केमिस्टने १८८४ मध्ये काढली, पण कोल्ट कंपनीने आपलं रिव्हॉल्व्हर तिच्यासाठी चालेल अशी हमी दिली ती १९०० पासून. त्याआधीचं पोलाद काळ्या दारूच्या हिशोबाने केलेलं. काळ्या दारूचा तर निराळाच थाट, चाप ओढला की समोर पांढरा ढग, टार्गेट गायब, गंधकाचा वास, सगळी रेंज तुमच्याकडे बघते, दोन लेन पलीकडचे खोकतात. १८५१ च्या कोल्ट नेव्हीची एक नवीन बनवलेली प्रतिकृती आहे माझ्याकडे, त्यात दारू वेगळी, शिशाची गोळी वेगळी, ठिणगी देणारी टोपी वेगळी, आणि प्रत्येक घराच्या तोंडावर ग्रीस थापायचं, नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊन दोन-तीन एकदम उडायची भीती. घरी आल्यावर साबण आणि गरम पाणी, आणि हात दोन दिवस काळे. या असल्या तोंडाकडून भरायच्या हत्यारांच्या जागतिक स्पर्धासुद्धा होतात बरं का, एमएलएआयसी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना घेते, हँडगनसाठी बहुतेक २५ मीटर, अर्ध्या तासात तेरा गोळ्या, त्यातल्या उत्तम दहा धरायच्या. तीन चुका माफ करणारी ही एकच स्पर्धा मला माहीत आहे, आणि मला त्या तीनही लागतात.

लुगर या जर्मन पिस्तुलाबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. जर्मन सैन्याने १९०८ मध्ये घेतलं म्हणून पी ०८, पण स्विस लोकांनी त्याच्या आधीच, १९०० मध्ये घेतलं होतं. आणि आज जगात जिथे तिथे चालणारं नऊ एमएमचं काडतूस मूळ याच्यासाठी तयार झालं. बहुतेक पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, याचा गुडघा दुमडतो. खरंच, वरती गुडघ्यासारखा एक सांधा आहे, गोळी उडाली की तो वर मोडतो, टरफल उडवतो आणि सरळ होऊन पुढचं काडतूस आत ढकलतो, शेवटची गोळी झाली की दुमडलेलाच राहतो. घड्याळजीने पिस्तूल बनवलं तर असंच होणार. मूठ इतकी तिरकी की डोळे मिटून हात पुढे केला तरी नळी बोट दाखवल्यासारखी रोखली जाते. पण चाप? चाप मात्र वाईट. चापाची हालचाल बाजूच्या झाकणातल्या एका वाकड्या तरफेतून कोपऱ्यावरून वळून जाते, त्यामुळे कुठे सुटणार याचा पत्ता लागत नाही. सगळे लुगर लुगर करतात आणि हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

याच लुगरचं एक नुकसान मी स्वतःच्या हाताने केलंय. वरती एक छोटी पट्टी असते, टरफल ओढून काढणारी, आत काडतूस असलं की ती जराशी उचलून राहते, म्हणजे अंधारात बोटाने चाचपूनसुद्धा कळतं की भरलेलं आहे. एक दिवस आळस केला, मॅगझिनमध्ये न भरता एक काडतूस हातानेच नळीत टाकलं आणि वरून सांधा सोडून दिला. त्या पट्टीला काडतुसाच्या कडेवरून उडी मारावी लागली आणि ती तुटली. कारखान्यात प्रत्येक बारीकसारीक भागावर पिस्तुलाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ठोकलेले असायचे, माझ्या लुगरचे सगळे जुळत होते, त्या दिवसापर्यंत. आता तिथे दुसरी पट्टी आहे, बिननंबराची. तुटलेली एका डबीत जपून ठेवलीय.

इथे तुमचा लेखक म्हणेल बघा, मी काय म्हणत होतो. आणि त्याचं निम्मं खरं आहे. पण त्या चुकीनंतर मी शिकलो की रेंजवर नेताना मूळ स्प्रिंगा काढून ठेवायच्या आणि नव्या घालायच्या, नंबर ठोकलेला फायरिंग पिनसारखा नाजूक भाग असेल तर त्याचाही बदली भाग लावायचा, घरी आलं की परत मूळ. स्क्रूच्या खाचेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर स्क्रूला हातच लावायचा नाही. आणि वरचा निळसर काळा रंग कितीही उडालेला असला तरी पॉलिश मारायचं नाही, नवा रंग चढवायचा नाही. माझ्या मते जुन्या पिस्तुलांची जेवढी वाट हौशी पॉलिशवाल्यांनी लावली तेवढी गोळ्या झाडणाऱ्यांनी कधीच लावली नसेल. शिवाय कपाटातसुद्धा धोके आहेतच, चामड्याच्या जुन्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं पिस्तूल चामड्यातल्या ओलाव्याने आणि आम्लाने गंजतं, आणि ज्याला वर्षभर कोणी उघडलेलं नाही त्याचा गंज कोणाला दिसतच नाही. माझी हत्यारं महिन्याला हातात येतात.

नागां रिव्हॉल्व्हर पण आहे एक, १८९५ चं, रशियन सैन्याचं, बेल्जियमच्या लेऑन नागांचं डिझाइन. सात गोळ्या, आणि घोडा ओढला की सिलिंडर चक्क पुढे सरकून नळीला चिकटतो, म्हणजे फटीतून वायू निसटू नये म्हणून. कल्पना बुद्धिमान, पण घोडा न ओढता नुसता चाप ओढून चालवायला गेलात तर नऊ-दहा किलोचा जोर लागतो, सात गोळ्या झाल्या की बोट तुम्हाला शिव्या घालतं. कोणाला बढाई मारायची सवय असेल तर मी त्याच्या हातात नागां देतो. आणि जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं कोल्ट १९११ पिस्तूल, ज्याने चाचणीत ६००० गोळ्या एकही अडथळा न येता झाडल्या आणि मग अमेरिकन सैन्यात दाखल झालं, त्याच्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही, फक्त जुन्या मॉडेलच्या घोड्याचं शेपूट अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीला चावतं, माझ्या उजव्या हाताला त्याची खूण आहे.

राहिला तो शेवटचा मुद्दा, डोक्यात भलतंच असण्याचा. हे जरा मनाला लागलं. ही हत्यारं माणसं मारायला बनवली होती, ते नाकारून चालणार नाही, मी नाकारत पण नाही. माझ्या आताच्या वेब्लीच्या मुठीखाली दोरी अडकवायची कडी आहे, ती एकाच बाजूने झिजलीय, म्हणजे वर्षानुवर्षं कोणीतरी ती एकाच खांद्याला लटकवून हिंडत होता. तो कोण, त्याने ती कधी कोणावर झाडली का, तो परत घरी गेला का, यातलं काही मला कळायचा मार्ग नाही. साफ करताना दर वेळी बोट त्या कडीवरून फिरतं आणि दर वेळी हा विचार येतो. पण असल्या हत्यारांनी कागदावर नेम धरणं हे काही आजचं खूळ नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये २५ मीटर मिलिटरी पिस्तूल प्रकारात जॉन पेन पहिला आला आणि त्याचा सख्खा भाऊ समनर पेन दुसरा, दोघेही कोल्ट रिव्हॉल्व्हर घेऊन. मग पुढच्या प्रकारातून जॉनने माघार घेतली, पहिला येईल त्याने पुढे थांबायचं असं भावाभावात ठरलं होतं, आणि तो प्रकार समनरने जिंकला. असली माणसं पण या हत्यारांच्या इतिहासात आहेत, त्यांचाही एखादा फोटो छापा.

आमच्याकडे कोणी बघायला आला की आम्ही आधी त्याला कानाचे मफ आणि चष्मा देतो, मोठ्या पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून शिशाचे कण बाजूला उडतात, म्हणून बाजूला उभं राहायचं नाही, मागे राहायचं. मग पहिल्यांदा एकच काडतूस भरून देतो, एकच, म्हणजे धक्क्याने गोंधळून गर्रकन वळला तरी हातात रिकामं रिव्हॉल्व्हर असतं. शेवटी हात साबणाने धुवायला लावतो, शिसं पोटात जाऊ नये म्हणून. एवढ्या नियमांमध्ये भलतंसलतं डोक्यात यायला जागा कुठे राहते ते तुमच्या लेखकाने येऊन बघावं, वेब्ली मी भरून देईन, योग्य काडतुसानेच.

आणि एक राहिलंच. पान दोनवरच्या मोठ्या फोटोत ज्या गृहस्थांनी लुगर धरलंय त्यांचं बोट चापावर आहे आणि नळी थेट फोटोग्राफरकडे. पिस्तूल रिकामं असेलही, पण वरची ती पट्टी फोटोत नीट दिसत नाहीये, मी भिंग लावून बघितलं. पुढच्या वेळी असा फोटो आला तर कृपया परत पाठवा आणि दुसरा काढायला सांगा.

कळावे,
आपला एक वाचक